जगन भावजींचं कोपर

सोलर साइट, कच्छ
८ डिसेंबर २०२४

ताई,

भावजी घाबरले नाय म्हणतेस, तर मग काय झालं ते तरी सांग. सामान आणायला भुजला गेलो की मी तुला फोन करतो, आणि भावजींचा विषय निघाला की तू "कुकर झाला" म्हणून फोन ठेवतेस. आपल्या घरात एवढा कुकर कधीपासून लागायला लागला? म्हणून पत्र लिहितोय. इथं साइटवर रेंज नाय, पाण्याचा टँकरवाला पत्रं नेतो आणि आणतो. पत्रात कुकर होत नाय.

रोह्याला तेवीस फेब्रुवारीला चाळीस वर्षांवरच्यांची टेनिस बॉलची टूर्नामेंट लागलीय. बॅनर मी भुजला गेलो तेव्हा फोनवर पाहिला. आपल्या वाडीच्या संघात बारा नावं हायेत, त्यातल्या सहा जणांना वाकून बूट घालता येत नाय, आणि जगन नाव नाय. तुझा नवरा बेचाळीस वर्षांचा हाय, धडधाकट हाय, आणि ज्या मैदानावर त्याने फायनल जिंकून दिली तिथंच मॅच हाय. याला घाबरणं नाय म्हणत तर काय म्हणतात?

दोन हजार बाराची फायनल मला बॉल बाय बॉल पाठ हाय. तेव्हा तुमचं लग्न व्हायचं होतं, ते नुसते आत्याचे जगनदादा होते, कंपनीतल्या शिफ्टसाठी रोह्याशेजारच्या अष्टमीहून आपल्याकडे राहायला आलेले. गावचा भाचा चालतो असा नियम होता म्हणून खेळले. शेवटच्या ओव्हरला रोह्यावाल्यांना सात रन हवे होते. अंपायरने दोनदा त्यांच्या कोपराकडे बोट दाखवलं, हा टाकत नाय, फेकतो म्हणून. तेव्हा बाबा छत्री घेऊन मैदानात गेले आणि म्हणाले, "पोरगा लहानपणी आंब्यावरून पडलाय. हाडवैद्याने हात वाकडाच बसवला. सरळ व्हतच नाय." अंपायरने टोपी काढली. आपण दोन रनने जिंकलो. जगनदादाला खांद्यावर घेतला तेव्हाही कोपर वाकलेलंच होतं. मी पाहिलंय, अकरा वर्षांचा होतो, खालीच उभा होतो.

त्यानंतर त्या माणसाने बॉल हातात घेतला नाय. आठवीत सुशील म्हणाला, "तुझा जगन फेक्या हाय," तर मी त्याच्या डोक्यात कंपासपेटी घातली आणि शाळेने मला दाखला दिला. शाळा मी त्या कोपरासाठी सोडलीय. मला विचारायचा हक्क हाय.

सुजय


मधली वाडी, कासू
१८ डिसेंबर २०२४

चि. सुजय,

तू शाळा कोपरासाठी सोडलीस हे मला आजच कळलं. मी इतकी वर्षं लोकांना गणितासाठी सोडली असं सांगत होते.

ह्यांची सेकंड शिफ्ट चालू आहे. गुडघाही दुखतो. डावा की उजवा ते विचारू नकोस, मी विचारलं नाही. सकाळी परसात केळीला पाणी घालायला जातात त्याला एक तास लागतो, यावरून काय ते समज.

आणि तुला माहीत नाही म्हणून सांगते. रोह्याच्या कमिटीवर तुझा तोच सुशील आहे. अष्टमीला त्याचं मोबाइलचं दुकान आहे, आता पोट सुटलंय, पण बोलणं तेच. त्याने यंदा नियम काढलाय की ज्याचा हात वाकडा असेल त्याने डॉक्टरचा कागद आणि एक्सरे आणायचा. नियम सगळ्यांना आहे, पण रायगड जिल्ह्यात वाकडा हात कोणाचा, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून हे म्हणाले, जाऊ दे, आता कोण कागद गोळा करत फिरणार.

बाबा मात्र ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला फायनल सांगतात. परवा टपालवाल्याला सांगितली. त्याची सायकल उन्हात होती, टायर फुटला.

वालाला शेंगा आल्या. परवा मडक्यात पोपटी लावली होती. तुझ्या वाटणीचं अंडं मनस्वीने खाल्लं आणि मामाला सांगू नको म्हणाली.

तुझी ताई


सोलर साइट, कच्छ
२९ डिसेंबर २०२४

ताई,

एवढंच होतं? मग तर गंमतच झाली. सुशीलने स्वतःच्या हाताने स्वतःचा खड्डा खणलाय. एक्सरे काढा! पेणला जा, चांगल्या ठिकाणी काढा, मोठ्या साइजचा काढा. हाड कसं वाकडं बसलंय ते एकदा जगाला दिसू दे. मी तर म्हणतो बॅनरवर छापा. एका बाजूला भावजींचा फोटो, एका बाजूला एक्सरे, खाली "मधली वाडी".

भावजी कागदांना कंटाळतात, मला माहीत हाय. रेशनकार्डावर तुझं नाव चढवायला त्यांना चार वर्षं लागली. तू पाठी लाग. बाबांना सोबत दे, साक्षीदार म्हणून.

आणि एक काम कर. त्या आंब्याचा फोटो काढून ठेव. अष्टमीला आत्याच्या घराजवळच असणार. किती उंचावरून पडले ते लोकांना कळायला पाहिजे. फांदीखाली मनस्वीला उभी कर, म्हणजे अंदाज येतो.

मी इथं बरा हाय. थंडी हाय. काम हलकं हाय, कसं ते पुढं लिहीन.

सुजय


मधली वाडी, कासू
८ जानेवारी २०२५

चि. सुजय,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. बॅनरपर्यंत आले तर हे उठून केळीला पाणी घालायला गेले. संध्याकाळ होती.

पेणला गेले होते. मशीन बंद होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा रविवार होता. तिसऱ्यांदा वडखळपर्यंत गेले आणि पाकीट विसरल्याचं आठवलं म्हणून परत आले. आल्यावर खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

आंब्याचं बाबांना विचारलं. म्हणाले, तोडला. कोणी तोडला विचारलं तर म्हणाले, रस्त्यात गेला. कुठला रस्ता विचारलं तर म्हणाले, "तू वकील झालीस काय गो?" मला आठवतं त्याप्रमाणे आत्याच्या दारात केळी सोडून दुसरं झाड नव्हतं. पण तेव्हा मी लहान होते. आणि केळीवरून कोणी पडत नाही.

तू एवढा जीव लावू नकोस, सुजय. तेरा वर्षांपूर्वीची मॅच आहे. जिंकलो, झालं. रोह्याला आपल्याकडून दुसरं कोणीतरी टाकेल.

काम हलकं आहे म्हणतोस ते कसं? याआधी तू ज्या ज्या कामाला हलकं म्हणालास ते महिन्याभरात सुटलं.

ताई


सोलर साइट, कच्छ
१९ जानेवारी २०२५

ताई,

दुसरा कोण टाकणार? असं तू कसं लिहू शकतेस? तू त्यांची बायको हायेस.

कामाचं विचारतेस तर सांगतो, पण बाबांना सांगू नको. इथं रविवारी खेळतो आम्ही. जमीन पांढरी, मिठाची, सपाट, बॉल पडला की धूळ नाय उडत, मीठ उडतं. बिहारची पोरं हायेत, ओडिशाची हायेत. मी बॉलिंग टाकतो. जगन स्टाइल. कोपर वाकवून, शेवटच्या क्षणाला झटका, खाली दांडीच्या मुळात. पहिल्याच रविवारी तिघांची दांडी उडवली. तर ती पोरं ओरडायला लागली, नो बॉल, नो बॉल, फेंकता है. माझ्या तोंडातून निघून गेलं, की मी बचपन में आम के पेड़ से गिरा था. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सोमवारी सुपरवायझरला कळलं. त्याने वहीत लिहिलं, उजवा हात अधू. आणि मला सोलरच्या प्लेटा उचलायच्या कामावरून काढून प्लेटा पुसायच्या कामावर टाकलं. ते हलकं काम. पगार तोच.

आता फक्त एवढंच हाय की हात सरळ करता येत नाय. मेसमध्ये जेवताना वाकवून जेवतो. अंघोळीला सगळ्यात शेवटी जातो. दोन महिने झाले. कोपर दुखतं, पण सवय होईल. भावजींना झालीच ना.

माझं खोटं हाय, मला कळतं. पण भावजींचं खरं हाय, त्याच्या जीवावर माझं चाललंय. त्यांनी एक्सरे दाखवला की मला पण बरं वाटेल. बावीस ते सव्वीस सुट्टी मागितलीय, मिळालीय. तेवीसला मी रोह्याच्या मैदानावर हाय. त्यांना सांग, सुज्या खालीच उभा असेल.

सुजय


मधली वाडी, कासू
३१ जानेवारी २०२५

सुजय,

हे पत्र टँकरवर बसून वाचू नकोस. खाली उतर.

तुझं पत्र वाचताना ह्यांनी मला मध्ये थांबवलं आणि "अंघोळीला सगळ्यात शेवटी" हे पुन्हा वाचायला लावलं. मग जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पेणला निघाले. बाबा म्हणाले मी पण येतो, तर म्हणाले चला. मीही गेले. या वेळी मशीन चालू होतं. आधीही चालूच होतं.

आत त्या माणसाने सांगितलं, "हात सरळ ठेवा." बाबा पुढे होऊन म्हणाले, "साहेब, तोच तर प्रॉब्लेम हाय, सरळ व्हत नाय." तेवढ्यात ह्यांनी हात सरळ केला. पूर्ण. टेबलावर पसरला. माझ्यातुझ्यासारखा.

बाबांनी तो हात चाचपून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे तेल लागू पडलं."

कागदावर लिहून आलंय की हाड कधी मोडल्याची खूण नाही.

मला माहीत होतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी ह्यांनी मला सांगितलं. पडले नव्हते. हात वाकवला की बॉल वेगात जातो, म्हणून वाकवत होते. अंपायर नो बॉल देणार असं दिसलं तेव्हा बाबांना जे सुचलं ते बाबांनी सांगितलं, आणि जिंकल्यावर ते मागे घ्यायला कोणी मोकळं नव्हतं. तेव्हापासून चारचौघांत ह्यांनी कोपर वाकवलं, ते आजपर्यंत. लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा वाकलेलं, कंपनीत वाकलेलं, बाजारात पिशवी धरताना वाकलेलं. आमच्या खोलीचं दार लावलं की सरळ. मनस्वीने विचारलं होतं, पप्पांचा हात बाहेरच का वाकतो. मी म्हटलं, वारा लागतो.

आणि केळीला पाणी ते घालत नाहीत. केळीच्या बुंध्याला बॉल टाकतात. सरळ हाताने. दिवाळीपासून. खेळायचं त्यांच्या फार मनात आहे. पण कोपर सरळ करून मैदानात उतरायचं म्हणजे सगळ्यांसमोर ते सांगायचं, आणि सगळ्यांत तू.

खाली ते स्वतः लिहितायत.

सुजय, मी कंपनीच्या फॉर्मशिवाय काय लिहीत नाय, चूक झाली तर समजून घे. फायनलनंतर मी सोडलं ते रोह्याला घाबरून नाय. दुसऱ्या दिवशी तुमच्या शेतात बाबांनी वाल न पेरता ठेवलेल्या पट्टीवर वाडीतली पोरं खेळत होती. सगळी कोपर वाकवून टाकत होती. तू सगळ्यांत पुढं होतास. मी बांधावर उभा राहून बघितलं. सांगायला पाहिजे होतं. तू हात सरळ कर. सुपरवायझरला सांग. — जगन


सोलर साइट, कच्छ
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

पत्र मिळालं. खाली उतरून वाचलं.

मी येत नाय. सुट्टी परत दिली. एक पोरगा बिहारला चाललाय, त्याला मिळाली.

मला वाईट कशाचं वाटलं ते सांगतो. सुशील बरोबर होता याचं नाय. सुशील बरोबर असतो कधीकधी. बाबांचं पण नाय, बाबा टूर्नामेंटसाठी यमालाही आंबा दाखवतील. तू दर राखीला माझ्यासमोर भावजींच्या वाकड्या कोपराला तेल लावायचीस, त्याचं वाटलं. मी वाटी धरायचो.

त्यांना सांग, मी कोणाला काय सांगणार नाय. खेळायचं तर खेळा, नाय तर नका खेळू. मला कळवायची गरज नाय.

सुजय


मधली वाडी, कासू
२५ फेब्रुवारी २०२५

सुजय,

गरज नाही म्हणालास, तरी कळवते. तेल लावायला नको होतं. चुकलं माझं. दुसरं काही त्यावर मला लिहिता येत नाही.

रविवारी खेळले.

आदल्या दिवशी अष्टमीला सुशीलच्या दुकानात गेले, त्याला एक्सरे दाखवला आणि म्हणाले, "हात सरळ हाय. तेव्हाही होता." सुशीलने एक्सरे ट्यूबलाइटसमोर धरून बराच वेळ पाहिला. त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे. मग म्हणाला, "मग टाका ना सरळ. नियमात बसतंय." नाव लिहून घेतलं. वर चहा मागवला. मला वाटलं होतं हसेल. माणूस बरा आहे, तुला वाटतो तेवढा वाईट नाही.

मैदानावर माइकवाल्याला काही माहीत नव्हतं. तो आपला ओरडतोय, "तेरा वर्षांनंतर, वाकड्या हाताचा वाघ, जगन!" हे धावत आले आणि हात सरळ करून टाकला. माइकवाला अडखळला. त्याला बहुतेक पुढचं वाक्य तयार नव्हतं.

पहिल्या बॉलला एक रन. दुसरा बॅटसमनने उचलून कुंडलिका नदीत टाकला. तिसरा पण कुंडलिकेत. बॅटसमन टकलू, पन्नाशीचा असेल. तेव्हा बाबा दोरीपाशी उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "जगन! वाकव! अरे वाकव रे!" आपल्याच संघातले दोघेतिघे पण हळूच म्हणत होते, वाकव. लोक हसायला लागले. मी पदर तोंडावर घेतला.

ह्यांनी वाकवला नाही. पुढचा चौकार, त्याच्यापुढचा पुन्हा नदीत. पाच बॉलात तेवीस गेले. आयोजक म्हणाले नवे बॉल संपत आलेत, जरा बघून. शेवटचा बॉल त्या माणसाने नुसता अडवला. का अडवला माहीत नाही. दमला असेल. पण बॅटच्या अगदी खालच्या टोकाला लागला होता, दांडीच्या मुळात पडलेला, आणि त्याने मान वर करून ह्यांच्याकडे बघितलं.

आपण हरलो. आठ विकेटने.

टमटममधून येताना बाबा पुढे ड्रायव्हरपाशी बसले. कासूचं स्टेशन आल्यावर म्हणाले, "शेवटचा बरा होता." हे बाजूने हात बाहेर काढून बसले होते. सरळ. मी म्हटलं आत घ्या, ट्रक येईल.

आता रोज सकाळी परसात उघड उघड टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार म्हणतात. केळ मेली. आता फळी लावलीय. बॉल एकच आहे, आणि तो सारखा कुंपणावरून बायजाकाकूच्या वालात जातो. ती म्हणते, "तुझ्या घोवाला सांग गो, या वयात शेंगा तोडायच्या असतील तर हाताने तोड." काल तिने बॉल दिलाच नाही. तर आज हे नुसता हात फिरवत होते, बॉलशिवाय. मनस्वी बॅट घेऊन समोर उभी.

तू हात सरळ केलास का?

ताई


सोलर साइट, कच्छ
८ मार्च २०२५

ताई,

केला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी. सुपरवायझरसमोर जाऊन दोन्ही हात पुढं केले, दोन्ही सरळ. त्याने वहीतलं खोडलं आणि हातमोजे दिले. आता पुन्हा प्लेटा उचलतो. एक प्लेट सत्तावीस किलो हाय.

रविवारी सरळ हाताने टाकली. पहिल्या ओव्हरला चोवीस गेले, भावजींपेक्षा एकच जास्त, ते त्यांना सांग. इथं नदी नाय. बॉल गेला की गेलेला दिसतच राहतो, आणायला अर्धा तास. पोरं मला काय बोलली नाय, पण ज्याने खांद्यावर हात ठेवला होता तो आता मेसमध्ये दुसऱ्या बाकावर बसतो. होईल बरा. मी त्याला माझी भाजी देतो.

सुशीलला सांग की आठवीत तो बरोबर बोलला होता. एवढंच सांग. जास्त बोलू नको, डोक्यावर बसेल. कंपासपेटीचं मीच आल्यावर बोलेन.

तेलाचं राहू दे. तू लावायचीस, मी वाटी धरायचो, भावजी तोंड वाकडं करायचे दुखल्यासारखं. तिघं पण चांगले होतो आपण.

तो शेवटचा बॉल कसा टाकला ते भावजींना विचारून मला लिहून पाठव. बोटं कुठं होती, पाय कुठं होता, सगळं. बॅटच्या खालच्या टोकाला लागला म्हणजे तो बॉल चांगला होता. दमला नव्हता तो टकलू. मला माहीत हाय, मी खूप बॅटसमन बघितलेत.

बायजाकाकूशी भांडू नका, तिच्या वालात तिला जे सापडेल ते तिचं. फळीच्या मागं जुनी मच्छरदाणी बांधा. मनस्वीला एवढ्या जवळ उभी करू नका. बॉल पेणला घ्या, चांगले, जड टेनिसचे, रंगीत स्वस्तातले नको, ते हातात बसत नाय. पैसे मी भुजच्या ऑफिसातून तुझ्या खात्यात भरले हायेत. घरात वापरायचे नायत, बाबांच्या हातात द्यायचे नायत, फक्त बॉलला. दोन डझन, सत्तरच्या भावाने. एक हजार सहाशे ऐंशी रुपये.

सुजय